समुद्राकडे पाठ करून बसलेली गावं

उन्हाळ्यात लेच्चे प्रांतातली माणसं सकाळी आधी वाऱ्याचा अंदाज घेतात आणि मग पोहायला कुठे जायचं ते ठरवतात. उत्तरेचा त्रामोन्ताना सुटला असेल तर पूर्वेच्या एड्रियाटिक किनाऱ्यावर लाटा उसळतात. अशा दिवशी गाड्या पश्चिमेला, आयोनियन समुद्राकडे वळतात. दक्षिणेचा दमट शिरोक्को वाहू लागला की उलटा प्रकार: आयोनियन बाजू खवळते, एड्रियाटिक बाजू निवळते. ही चैन परवडते, कारण नकाशात इटलीच्या बुटाची टाच म्हणून दिसणारा हा सालेंतोचा भूभाग मुळातच अरुंद आहे. पूर्वेच्या ओत्रांतोपासून पश्चिमेच्या गाल्लिपोलीपर्यंतचं अंतर पन्नास किलोमीटरही भरत नाही. सकाळी एका समुद्रात आणि संध्याकाळी दुसऱ्या समुद्रात डुंबणं इथे सहज जमतं.

दोन बाजूंना समुद्र असलेल्या या प्रांताची जुनी गावं मात्र समुद्रापासून फटकून वसलेली आहेत. खुद्द लेच्चे शहर किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर आत आहे. नार्दो, गालातीना, मार्तानो, मेलेंदून्यो ही सगळी आतलीच. ओत्रांतो, गाल्लिपोली आणि कड्यावरचं कास्त्रो असे मोजके अपवाद सोडले, तर किनाऱ्यावर आज दिसणाऱ्या वस्त्या म्हणजे आतल्या गावांच्या 'मरीना': मूळ गाव डोंगरपट्टीवर किंवा मैदानात, आणि त्याच नगरपालिकेच्या हद्दीतली उन्हाळी घरांची वसाहत समुद्रावर. नोव्हेंबरात अशा मरीनातून फिरलं तर निम्म्याहून अधिक खिडक्या बंद दिसतात.

याला दोन कारणं होती. एक मलेरिया. किनाऱ्यालगतच्या दलदली विसाव्या शतकात उपसून कोरड्या करेपर्यंत तिथे राहणं म्हणजे हिवतापाला आमंत्रणच होतं. दुसरं कारण समुद्रावरून येणारी माणसं. सोळाव्या शतकात, दक्षिण इटली स्पेनच्या अमलाखाली असताना, तुर्की आणि उत्तर आफ्रिकी चाच्यांच्या धास्तीनं या किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज उभे राहिले. एका बुरुजावरून पुढचा दिसेल अशी त्यांची रांग, म्हणजे धोक्याचा इशारा आगीनं किंवा धुरानं पुढे पोचावा. आज पर्यटकांच्या जिभेवर असलेली पुळणींची नावं पाहा: तोर्रे देल्लोर्सो, तोर्रे लापिल्लो, तोर्रे सान जोव्हान्नी. तोर्रे म्हणजे बुरूज. ज्या जागी छत्र्या आणि आरामखुर्च्या भाड्यानं मिळतात, तिथे पूर्वी पहारेकरी डोळ्यांत तेल घालून बसत असत. सालेंतोची चर्च पाहायची तर ही भीती लक्षात ठेवावी लागते. तिचा उगम ओत्रांतोत आहे.

ओत्रांतो हे इटलीतलं सर्वात पूर्वेकडचं शहर. त्याच्या दक्षिणेला पुंता पालाशिया हे भूशिर आणि त्यावरचा पांढरा दीपस्तंभ, तिथे इटलीची पूर्वेकडची जमीन संपते. समोर सत्तर-बहात्तर किलोमीटरवर अल्बानिया. स्वच्छ हवेच्या सकाळी तिथले डोंगर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. २८ जुलै १४८० रोजी याच चिंचोळ्या समुद्रातून गेदिक अहमद पाशाचं ओस्मानी आरमार इथे येऊन थडकलं. शहर दोन आठवडे झुंजलं आणि ११ ऑगस्टला पडलं. आर्चबिशप स्तेफानो पेंदिनेल्ली मारला गेला. १४ ऑगस्टला गावाबाहेरच्या मिनर्व्हा टेकडीवर आठशेहून अधिक पुरुषांची मुंडकी उडवण्यात आली. धर्म बदलायला नकार दिल्यामुळे ते मारले गेले, असं चर्चची परंपरा सांगते. इतिहासकारांमध्ये मात्र या कत्तलीमागच्या हेतूंबद्दल मतभेद आहेत. पुढच्या वर्षी सुलतान मेहमेद दुसरा वारला, इस्तंबूलमध्ये वारसाहक्काचा झगडा लागला आणि १४८१ च्या सप्टेंबरात आरागोनी सैन्यानं शहर परत घेतलं.

कत्तल झालेल्या त्या माणसांची हाडं आजही ओत्रांतोच्या कॅथेड्रलमध्ये आहेत. वेदीच्या उजव्या अंगाच्या छोट्या चॅपेलात उंच काचेची कपाटं आहेत आणि त्यांत कवट्या नि हाडं ओळीनं रचून ठेवलेली. पहिल्यांदा पाहणारा चांगलाच दचकतो. नुकताच पुळणीवरून आलेला, खांद्यावर टॉवेल टाकलेला पर्यटक आणि त्या कवट्या यांची गाठ इथे रोजच पडते. या हुतात्म्यांना संतपद देण्याचा दिवस ठरवण्यासाठी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी व्हॅटिकनमध्ये कार्डिनलांची बैठक भरली होती. त्याच बैठकीत पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी लॅटिनमध्ये आपला राजीनामा जाहीर केला. ओत्रांतोच्या नशिबी आलेली जगभरची प्रसिद्धी अशी तासाभरात दुसऱ्याच बातमीखाली गाडली गेली. संतपदाचा समारंभ मग १२ मे रोजी नव्या पोपच्या, फ्रान्सिस यांच्या, हस्ते झाला.

पण या कॅथेड्रलमध्ये जायचं ते मान खाली घालून जमीन पाहण्यासाठी. १०८८ साली पवित्र झालेल्या या चर्चची जवळजवळ सगळी फरशी एकच मोझेक आहे. आर्चबिशप जोनाता याच्या सांगण्यावरून पांतालेओने नावाच्या मठवाशानं ११६३ ते ११६५ या काळात ते करवून घेतलं. नावं आणि सालं फरशीतच कोरल्यागत मांडलेली आहेत. दरवाजापासून वेदीपर्यंत एक प्रचंड झाड पसरलं आहे आणि ते उभं आहे दोन हत्तींच्या पाठीवर. हत्ती ज्यानं काढले त्यानं हत्ती पाहिला नसावा, हे भारतीय माणसाला त्यांचे पाय बघून लगेच कळतं. फांद्यांमधून नोहाची नौका, बाबेलचा मनोरा, काइन आणि आबेल, बारा महिन्यांची बारा वर्तुळं आणि त्या त्या महिन्यातली शेतीची कामं. इथवर सगळं अपेक्षित. मग ग्रिफिनच्या साहाय्यानं आकाशात उडू पाहणारा सिकंदर दिसतो, बोकडासारख्या जनावरावर स्वार झालेला राजा आर्थर दिसतो, शिकार करणारी डायाना दिसते. बायबल, ग्रीक दंतकथा, ब्रिटनची कहाणी हे सगळं एकाच झाडावर चढवण्याचा उद्योग बाराव्या शतकातल्या एका कोपऱ्यातल्या गावी कसा सुचला? याचं एक उत्तर गावाबाहेर आहे. सान निकोला दी काझोले हा ग्रीक मठ आणि त्याचं नावाजलेलं ग्रंथालय ओत्रांतोच्या दक्षिणेला होतं, आणि पांतालेओने तिथलाच असावा असं मानतात. १४८० मध्ये मठ उद्ध्वस्त झाला. आता एका शेतवाडीत त्याचे थोडे दगड उरले आहेत.

हे मोझेक पूर्ण कळत नाही आणि त्याबद्दल पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत. सामान्य प्रवाशानं त्याचा फार धसका घेऊ नये. दुपारी दीडच्या सुमाराला, बसगाड्यांचे जथे जेवायला गेले की बाकांच्या मधल्या वाटेनं सावकाश चालावं. चर्च दुपारी बंद होतं का, तेवढं आधी विचारून ठेवावं. खालच्या तळघरातल्या चाळीसहून अधिक खांबांची शीर्षं एकमेकांशी जुळत नाहीत, तीही बघण्यासारखी. गावातलं सान पिएत्रो हे बायझंटाइन धाटणीचं छोटं चर्च तर बरेच जण चुकवतात. आतल्या भिंतींवर ग्रीक अक्षरांसह काढलेली चित्रं आहेत.

ओत्रांतोचा किल्ला इंग्रजी वाचकांना ठाऊक असतो तो होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या भयकादंबरीमुळे. वॉलपोल इथे कधी आलाच नव्हता. ओत्रांतोला खरोखरच किल्ला आहे हेही आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं, अशी कबुली त्यानं पुढे दिली. बंदरावर एक अधिक गंभीर स्मारक आहे. २८ मार्च १९९७ रोजी, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, अल्बानियातून पळून येणाऱ्या लोकांनी भरलेली 'कातेर इ रादेस' ही बोट इटालियन नौदलाच्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यांत बायका-मुलं बरीच होती. तो गंजका सांगाडा पाण्यातून काढून ग्रीक शिल्पकार कोस्तास व्हारोत्सोस यानं त्यावर काचेचे थर चढवले.

ओत्रांतोच्या उत्तरेला चुनखडीचे बुटके कडे आणि त्यांच्या मधे वाळूच्या खाचा. बाया देई तुर्की, म्हणजे तुर्कांची खाडी, इथेच १४८० चं सैन्य उतरलं असं सांगतात. आता पाइनच्या झाडीतून चालत तिथे जावं लागतं आणि जुलैत जागा मिळवायला सकाळी नऊच्या आत पोचावं लागतं. तोर्रे देल्लोर्सोच्या रुंद पुळणीसमोर पाण्यात दोन सुळके उभे आहेत, 'दोन बहिणी' नावाचे. जवळच रोका. तिथली ग्रोत्ता देल्ला पोएझिया ही छत कोसळलेली गुहा, म्हणजे खडकातला नैसर्गिक हौद, समाजमाध्यमांवर इतका गाजला की आता तो तिकीट लावलेल्या पुरातत्त्व परिसरात मोडतो आणि कडे ढासळण्याच्या धोक्यामुळे पाण्यात उतरण्यावर वेळोवेळी बंधनं येतात. छायाचित्रांतल्या हौदापेक्षा शेजारची लहान गुहा जास्त मोलाची. १९८३ मध्ये तिच्या भिंतींवर मेसापी आणि लॅटिन भाषांतले असंख्य कोरीव लेख सापडले. रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या मेसापी लोकांचा देव इथे नवस घ्यायचा. खलाशी यायचे, कोरायचे, निघून जायचे.

ओत्रांतोच्या दक्षिणेला किनारा उंच होतो आणि रस्ता कड्याच्या अंगानं वळत जातो. सांता चेझारेआ तेर्मे इथे गंधकाचे गरम झरे, कास्त्रोजवळ लोंबत्या चुनखडीची झिंझुलुझा गुहा. पोर्तो बादिस्कोची छोटी खाडी पोहायला उत्तम. तिच्याजवळची ग्रोत्ता देई चेर्वी, १९७० मध्ये सापडलेली, नवाश्मयुगीन चित्रांनी भरलेली गुहा मात्र लोकांना बंद आहे. माणसांच्या श्वासानं चित्रं खराब होतील म्हणून. योग्यच आहे.

आता आत. लेच्चे शहराचं सगळं रहस्य त्याच्या दगडात आहे. 'पिएत्रा लेच्चेझे' हा मधाच्या रंगाचा मऊ चुनखडक खाणीतून निघतो तेव्हा लाकूडकामाच्या हत्यारांनीसुद्धा कोरता येतो आणि हवा लागत गेली की कठीण होतो. पूर्वी कारागीर त्याला दूध चोळत असत, पाणी मुरू नये म्हणून. असा दगड पायाखाली आणि सतराव्या शतकातल्या मठांकडे पैसा, मग कारागिरांनी हात आखडता घ्यायचं कारणच उरलं नाही. दरवाजांच्या चौकटीत फळं, सज्ज्यांखाली राक्षस, खिडक्यांवर देवदूत. काही लेखकांना हे सगळं अति वाटतं. उन्हात बघितलं तर तसं वाटू शकतं. संध्याकाळी तिरप्या प्रकाशात नाही वाटत.

सांता क्रोचे बासिलिकाचं काम १५४९ मध्ये सुरू झालं आणि १६९५ पर्यंत चाललं. गाब्रिएले रिक्कार्दी यानं आरंभ केला, पुढे झिंबालो घराण्यातले आणि चेझारे पेन्ना असे हात बदलत गेले. या दीडशे वर्षांचा हिशेब दर्शनी भिंतीवर खालून वर वाचता येतो: खाली शांत, बेतशीर कमानी, मधला सज्जा पेलणारे वाकलेले पुतळे आणि पशू, वर, चक्राकार खिडकीभोवती, अलंकारांचा पूर. सज्जाखाली कण्हत वाकलेल्यांमध्ये पगडीवाले तुर्क आहेत. १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी लढाईत हरलेल्या शत्रूला कायमचं ओझं वाहायला लावलेलं आहे. ओत्रांतोचा हिशेब चुकता करणंच ते. या चर्चच्या जागेची कथा मात्र तितकी झळकवली जात नाही. चेलेस्तिन मठवाशांचं जुनं ठिकाण सम्राट पाचव्या चार्ल्सच्या किल्ल्यासाठी पाडलं गेलं आणि त्यांना नवी जागा मिळाली ती ज्यू वस्तीतली. ज्यूंना त्याआधीच राज्यातून हाकललेलं होतं. शेजारच्या घरात आता मध्ययुगीन ज्यू लेच्चेवर एक लहानसं संग्रहालय आहे.

पियात्सा देल दुओमो हा चौक तीन बाजूंनी बंद आहे आणि आत शिरायला एकच तोंड. पूर्वी रात्री तो कुलूपबंद करत. जुझेप्पे झिंबालोनं १६६१ ते १६८२ दरम्यान उभारलेला सुमारे सत्तर मीटर उंच घंटामनोरा तिथे आहे. सान्तोरोन्त्सो चौकात तर खाली रोमन प्रेक्षागार आहे: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बँकेची इमारत बांधताना सापडलेलं आणि अर्धंच उघडं केलेलं, कारण उरलेल्या अर्ध्यावर इमारती नि एक चर्च उभं आहे. चौकातला खांब ब्रिंडिसीहून आणलेला, आप्पियन या रोमन मार्गाच्या टोकाला असलेल्या जोडीपैकी एक. १६५६ च्या प्लेगमधून संत ओरोन्त्सोनं वाचवलं या कृतज्ञतेपोटी तो इथे आला. आणि खोदकामाची हौस पुरी व्हायची असेल तर फाज्जानो संग्रहालय. एका घरमालकानं २००१ मध्ये तुंबलेला नळ शोधायला फरशी उखडली आणि खाली मेसापी थडगी, धान्याची कोठारं, जुन्या मठाच्या खुणा असं एकाखाली एक निघत गेलं. उपाहारगृह काढायचा बेत होता. शेवटी संग्रहालयच झालं.

लेच्चेत दिवसाची सुरुवात पास्तिच्चोत्तोनं होते. आत कस्टर्ड भरलेली, होडीच्या आकाराची ही पेस्ट्री गरमच खायची असते. तिच्यासोबत बर्फ आणि बदामाचं दूध घातलेली कॉफी. सकाळी कॉफीत बर्फ ही कल्पना मिलानच्या माणसाला रुचत नाही, पण ऑगस्टमध्ये लेच्चेत तोही तीच मागवतो.

पास्तिच्चोत्तोचा जन्म आपल्याकडे झाला असा दावा गालातीना करतं. गावाचा खरा मान मात्र सांता कातेरीना दालेस्सांद्रिया बासिलिकाचा. रायमोंदेल्लो ओर्सिनी देल बाल्झो या सरदारानं १४ व्या शतकाच्या अखेरीस ती बांधली आणि त्याच्या पश्चात पत्नी मारिया देंगिएन हिनं आतून चित्रांनी भरून काढली. जमिनीपासून छतापर्यंत रिकामी जागा म्हणून नाही. भित्तिचित्रांच्या व्याप्तीत हिच्या पुढे फक्त असिसी, असं इथले लोक सांगतात. रायमोंदेल्लो सिनाई पर्वतावर संत कातेरीनाचा हात चुंबायला वाकला आणि तिचं बोट दातांनी तोडून लपवून घेऊन आला, ही कथाही सांगतात. बासिलिका लॅटिन विधीची होती आणि भोवतीची प्रजा ग्रीक विधीची. तेव्हा एवढ्या थाटामागे भक्तीइतकंच राजकारणही असणार.

ती ग्रीक प्रजा अजून पूर्ण संपलेली नाही. कालिमेरा, मार्तानो, स्तेर्नातिया, कोरिल्यानो द'ओत्रांतो, झोल्लिनो अशा काही गावांमध्ये ग्रीको ही ग्रीक बोली म्हातारी माणसं अजून बोलतात. शाळांमधून ती टिकवायची धडपड चालू आहे. सोलेतोच्या सांतो स्तेफानो या लहानशा चर्चमध्ये ग्रीक वळणाची भित्तिचित्रं आहेत. कालिमेराबाहेरच्या सान व्हितो चॅपेलात जमिनीतूनच वर आलेला एक मोठा खडक आहे, मधे भोक पडलेला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी लोक त्या भोकातून सरपटत पलीकडे निघतात. प्रजननाची ही पूजा ख्रिस्ती धर्माहून जुनी असावी. चर्चनं खडक हलवायच्या भानगडीत न पडता त्यावरच छप्पर घातलं. जुर्दिन्यानोतही तसंच: उभ्या प्रागैतिहासिक शिळेखाली संत पॉलची गुहा.

संत पॉल हा इथे विषारी चाव्यांचा वैद्य. शेतात राबणाऱ्या बायकांना तारांतुला कोळी चावतो, मग त्या झपाटल्यासारख्या होतात आणि डफली नि व्हायोलिनच्या तालावर तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस नाचूनच बऱ्या होतात, असा समज सालेंतोत शतकानुशतकं होता. २९ जूनला अशा बायकांना गालातीनातल्या संत पॉलच्या चॅपेलात आणत. १९५९ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ एर्नेस्तो दे मार्तिनो मानसोपचारतज्ज्ञ आणि संगीत अभ्यासक बरोबर घेऊन आला. त्याचं 'ला तेर्रा देल रिमोर्सो' हे पुस्तक १९६१ मध्ये निघालं. कोळ्याच्या विषापेक्षा गरिबी, लादलेली लग्नं, दडपलेलं दुःख यांना वाट करून देणारा हा एक मान्य केलेला विधी आहे, असा त्याच्या मांडणीचा रोख. त्या नाचाचं संगीत पुढे लाजिरवाणं मानलं गेलं आणि मग अचानक अभिमानाचं झालं. १९९८ पासून ऑगस्टमध्ये 'नोत्ते देल्ला तारांता' हा महोत्सव गावोगाव फिरतो आणि मेल्पिन्यानोच्या जुन्या मठासमोर लाखभर लोकांच्या गर्दीत संपतो. ज्या बायकांच्या यातनांवर हे उभं आहे त्यांची त्या मंचावर फारशी आठवण निघत नाही, ही तक्रार रास्त आहे. तरी वाद्यं उत्तम असतात.

लेच्चेहून गाल्लिपोलीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करड्या, निष्पर्ण ऑलिव्हचे सांगाडे लागतात. मैलोनमैल. २०१३ मध्ये गाल्लिपोलीच्या आसपासच झायलेला फास्तिदिओसा या जिवाणूचा संसर्ग इथे पहिल्यांदा ओळखला गेला. झाडांचा रस शोषणाऱ्या एका छोट्या किड्यामार्फत तो पसरतो, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबतात आणि झाड शेंड्यापासून वाळत येतं. मध्य अमेरिकेतून आलेल्या शोभेच्या कॉफीरोपांबरोबर तो आला असावा. रोगी झाडं तोडा असं शास्त्रज्ञ म्हणत होते, शेतकरी आणि न्यायालयं त्यांना अडवत होती. त्या वादात वर्षं गेली आणि लाखो झाडं मेली, त्यांत शेकडो वर्षं जुनी होती. आता रोगाला दाद न देणाऱ्या लेच्चीनो आणि फाव्होलोझा या जातींची लागवड चालू आहे.

गाल्लिपोलीला हे जास्त लागतं, कारण हे गाव तेलानंच उभं केलं. जुनं शहर एका बेटावर, पुलानं जमिनीशी जोडलेलं. पहिल्या महायुद्धातल्या तुर्कस्तानच्या गॅलिपोलीशी त्याचा संबंध फक्त नावाचा. १७ व्या-१८ व्या शतकात इथलं तेल खाण्यासाठी कमी आणि दिव्यांसाठी जास्त जात असे; युरोपातल्या मोठ्या शहरांचे रस्ते त्यावर उजळत. घाणे जमिनीखाली, मऊ खडकात खोदलेले होते, कारण तिथली उष्णता हिवाळ्यातही सारखी राहते आणि तेल गोठत नाही. आपल्याकडच्या तेलघाण्याच्या बैलासारखं डोळ्यांवर झापड बांधलेलं खेचर दगडी चाक फिरवी आणि मजूर ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत तिथेच राहत, तिथेच झोपत. पालात्सो ग्रानाफेईखालचा असा एक घाणा पाहता येतो. धुराच्या दिव्यांनी काळं झालेलं छत बघितल्यावर वरच्या हवेल्यांची शोभा वेगळी दिसते.

याच पैशातून सान्ताआगाता कॅथेड्रल उभं राहिलं. त्याची झिंबालोनं घडवलेली दर्शनी भिंत इतक्या अरुंद गल्लीत आहे की पूर्ण बघायला मान दुखते. त्याहून गोड चर्च समुद्राच्या कडेला आहे: सांता मारिया देल्ला पुरिता, बंदरावरच्या हमालांच्या बंधुमंडळानं बांधलेलं. बाहेर पांढरी भिंत आणि चमकत्या टाइलांवरच्या तीन चित्रांखेरीज काही नाही. आत भिंत दिसणार नाही इतकी चित्रं. तेलाची पिंपं खांद्यावर वाहणाऱ्यांनी श्रीमंतांच्या तोडीचं देवघर करून दाखवलं. सान फ्रांचेस्को चर्चमध्ये ख्रिस्ताबरोबर क्रुसावर चढलेल्या 'वाईट चोरा'ची लाकडी मूर्ती आहे, चेहऱ्यावर विकट हसू. तिच्या अंगावरचे कपडे लवकर विरतात, अशी गावाची समजूत.

आयोनियन बाजूच्या पुळणी सखल, वाळूच्या आणि उथळ. लहान मुलं असलेल्या घरांना त्याच बऱ्या. पेस्कोलूझेला 'सालेंतोचं मालदीव' म्हणतात. ही जाहिरात यशस्वी झाली आहे, म्हणजे ऑगस्टमध्ये वाळू दिसत नाही. इटलीत समुद्रकिनारा कायद्यानं सार्वजनिक असतो, पण त्याचे पट्टे खासगी 'लीदों'ना भाड्यानं दिले जातात. तिथे छत्री आणि दोन खुर्च्यांचे पैसे भरावे लागतात. 'स्पियाज्जा लीबेरा' पाटी असेल तिथे फुकट बसता येतं.

नार्दोजवळच्या पोर्तो सेल्वाज्जोत लीदो नाही. हा सगळा किनारा पाइनच्या झाडीसह आज राखीव आहे, आणि तो तसा राहिला यामागे रेनाता फोन्ते यांनी मोजलेली किंमत आहे. नार्दोच्या नगर कारभारात असलेल्या या तेहतीस वर्षांच्या बाईंनी इथल्या बांधकामाच्या बेतांना विरोध केला. ३१ मार्च १९८४ च्या रात्री घरी परतताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वरून पायवाटेनं उतरताना त्यांच्या नावाचा फलक लागतो. शेजारच्या उलुत्सो खाडीतल्या ग्रोत्ता देल काव्हाल्लो गुहेत १९६४ मध्ये दुधाचे दोन दात सापडले होते. २०११ मध्ये नेचर नियतकालिकातल्या अभ्यासानं ते आधुनिक मानवाचे, सुमारे ४५ हजार ते ४३ हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे युरोपात तोवर सापडलेल्यांत सर्वात जुन्यांपैकी, असल्याचं सांगितलं.

प्रांतात फिरायला गाडी भाड्यानं घ्यावी हे खरं. छोट्या रेल्वेगाड्या आहेत, बऱ्याचशा मार्गांवर रविवारी नसतात. विमानतळ शेजारच्या ब्रिंडिसीचा. या बंदराला मुंबईकर पूर्वी चांगलं ओळखत: १८७० पासून लंडनची हिंदुस्थानी टपाल रेल्वेनं इथवर यायची आणि मग बोटीनं सुएझमार्गे मुंबईला. गोलमेज परिषदेनंतर गांधीजी १४ डिसेंबर १९३१ रोजी इथूनच 'पिल्सना' बोटीवर चढले आणि २८ तारखेला मुंबईत उतरले.

सांता मारिया दी लेउका हे दक्षिण टोक. १८६६ चा ४७ मीटर उंच दीपस्तंभ, शेजारी 'दे फिनिबुस तेर्रे', म्हणजे जमीन संपते तिथली, माता मरियम, आणि खाली एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंतांचे चित्रविचित्र बंगले. समुद्राकडे तोंड करून हौसेनं घरं बांधणारे सालेंतोत जवळपास हेच पहिले. दोन समुद्र नेमके कुठे मिळतात यावर लेउका आणि ओत्रांतो यांचा जुना वाद आहे. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या १९५३ च्या व्याख्येत रेषा लेउकाच्या भूशिराला येऊन टेकते. दीपस्तंभाखाली पायऱ्यांच्या जोडीनं एक धबधबा आहे, तोही माणसानं केलेला. पुल्या या इथल्या प्रदेशात नद्या जवळपास नाहीत, पाऊस चुनखडीत मुरून जातो. १९०६ मध्ये काम सुरू झालेला पुल्या जलमार्ग कांपान्या प्रदेशातल्या सेले नदीच्या उगमाचं पाणी पार इथवर आणतो, आणि त्याच्या समाप्तीची खूण म्हणून १९३९ मध्ये हा देखावा पुरा झाला. पाणी वर्षातून मोजक्याच संध्याकाळी सोडतात. तारखा नगरपालिका आधी जाहीर करते, आणि त्या दिवशी वरच्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही.